हिडकलच्या फुगवट्यावरची मोटर आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह : एक प्रकरण अभ्यास

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात, घटप्रभा नदीवरील हिडकल धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याला, लागून असलेल्या एका मराठी भाषिक गावातील ही हकिगत आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण असाच प्रश्न फुगवट्याच्या दोन्ही काठांवरील इतर गावांतही ऐकायला मिळतो. मी बेळगावात अनेक वर्षे विद्युत अभियांत्रिकी शिकवली, आणि त्या गावातील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मे महिन्याच्या अखेरीस तिथे गेलो. गावातील शेतकऱ्यांना वीज खात्याकडे आणि पाटबंधारे खात्याकडे एक निवेदन द्यायचे होते आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे की नाही, हे मला पाहायचे होते. निवेदनाचा मसुदा तयार होता. त्यातील मुख्य वाक्य असे होते की धरणातील पाणी वीज करण्यासाठी सोडून संपवले जाते, त्यामुळे उन्हाळ्यात काठावरचे पंप कोरडे पडतात आणि मोटरी जळतात. म्हणून उन्हाळ्यात वीजनिर्मिती बंद ठेवावी.

दूध डेअरीच्या ओट्यावर बसलेले एक वयस्कर तात्या मला म्हणाले, "सर, लाईट आमच्या पाण्यावर करतात आणि आम्हालाच रात्री दोनला उठून मोटर चालू करायला लावतात. हे कसं हो?" प्रश्न साधा होता आणि त्यातली कळ खरी होती. परंतु त्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या: धरणातले पाणी कोण आणि कशासाठी सोडतो, वीजगृहातली वीज कुठे जाते, आणि काठावरची मोटर प्रत्यक्षात कशाने जळते. या तिन्ही सोडवल्याशिवाय निवेदनाला उत्तर मिळणार नव्हते, किंवा चुकीचे उत्तर मिळून प्रश्न तिथेच संपणार होता.

आधी धरणाविषयी. घटप्रभा सह्याद्रीत उगम पावून चंदगडच्या बाजूने येते, ताम्रपर्णीचे पाणी सोबत घेते आणि हिडकलजवळ अडवली जाते. धरणाची पूर्ण पातळी २१७५ फूट आहे आणि साठा सुमारे ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट, आहे. धरण सत्तरच्या दशकात उभे राहिले ते सिंचनासाठी; वीजगृह पुढे १९९२ साली सुरू झाले. कर्नाटक वीज निगमाच्या त्या वीजगृहात पाण्याने फिरणारे टर्बाइन आणि जनित्र यांचे १६ मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण ३२ मेगावॅट. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कालव्यासाठी सोडायच्या पाण्याला वाटेत जो उतार मिळतो, तो फुकट जाऊ नये म्हणून धरणाच्या पायथ्याशी हे वीजगृह नंतर बसवले गेले, आणि म्हणूनच मराठीत अशा वीजगृहाला धरण पायथा वीजगृह म्हणतात.

वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी नदीत उतरते, खाली धुपदाळच्या बंधाऱ्यावर अडते आणि तिथून डाव्या कालव्यात जाते. धुपदाळचा बंधारा १८९७ सालचा आहे, म्हणजे हिडकल धरणापेक्षा कितीतरी जुना. त्याच्या खाली गोकाकचा सुमारे ५२ मीटरचा धबधबा आहे, आणि १८८७ साली तिथल्या गिरणीसाठी पाण्याच्या शक्तीचा उपयोग सुरू झाला होता. उन्हाळ्यात गोकाकला गेलेल्या माणसाला धबधब्याच्या जागी उघडा कातळ दिसतो, कारण पाणी वरच कालव्याला वळवलेले असते. पाण्याचा पहिला मान शेतीचा, हा या नदीवरचा रिवाज हिडकलच्या आधीपासूनचा आहे आणि पायथ्याचे वीजगृह त्याच रिवाजाखाली चालते.

गावकऱ्यांना हे पटवण्यासाठी मला फारसे बोलावे लागले नाही, कारण पुरावा समोरच होता. मी गेलो त्या आठवड्यात दोन्ही संच बंद होते. पाणी इतके खाली गेले होते की टर्बाइन चालवण्यापुरती उंची उरलेली नव्हती. हुन्नूरचे विठ्ठल मंदिर, जे भरल्या धरणात पाण्याखाली असते, ते पूर्ण उघडे पडले होते आणि लोक चालत जाऊन दर्शन घेत होते. वीजगृह शांत होते, तरीही पाण्याची कड रोज मागे सरकत होती, कारण पिण्यासाठी आणि कालव्यासाठी सोडायचे पाणी टर्बाइनला वळसा घालून दुसऱ्या दारांतून जातच होते. वीज बंद ठेवल्याने पाणी वाचत असते, तर त्या आठवड्यात पातळी थांबायला हवी होती. माझ्या विद्यार्थ्याने हे स्वतःहून सांगितले आणि ओट्यावरची चर्चा तिथून वेगळ्या दिशेला लागली.

त्यानंतर मी एक हिशेब मांडला, जो मला वर्गातही नेहमी उपयोगी पडला आहे. समजा पाण्याच्या वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक, ज्याला अभियंते हेड म्हणतात, ४० मीटर आहे आणि टर्बाइन व जनित्र मिळून शंभरातले पंच्याऐंशी भाग उपयोगी पडतात. मग एक युनिट वीज तयार व्हायला सुमारे १०,८०० लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचा एक मोठा टँकर आणि वर थोडे. टँकरभर पाणी चाळीस मीटर खाली उतरते, तेव्हा कुठे एक युनिट हाती येते. एक टीएमसी पाण्यातून या हेडवर सुमारे २६ लाख युनिट मिळतात. हेड अर्ध्यावर आले, म्हणजे २० मीटर राहिले, की तेवढ्याच पाण्यातून १३ लाखच मिळतात. भरलेले धरण आणि अर्धे धरण यांत पाणी कमी असतेच, पण उरलेल्या पाण्याचा प्रत्येक थेंबही कमी वीज देतो.

कोयनेचे उदाहरण इथे सगळ्यांना जवळचे वाटते, कारण आपल्याकडे जलविद्युत म्हटले की पहिली आठवण कोयनेची होते. कोयनेचे पश्चिमेला वळवलेले पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते, म्हणून तिथल्या एका टीएमसीतून तीन कोटींच्या घरात युनिट मिळतात आणि सगळे टप्पे मिळून १९२० मेगावॅटची क्षमता उभी राहते. पण ते पाणी कोकणात उतरून समुद्राला मिळते. कृष्णा खोऱ्याला ते परत येत नाही, आणि म्हणूनच कृष्णा पाणी तंटा लवादाने त्या वळवण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. कोयनेतही धरणाच्या पायथ्याशी ४० मेगावॅटचे वेगळे वीजगृह आहे, जे पूर्वेला नदीत सोडायच्या पाण्यावर चालते. हिडकलची तुलना करायची तर त्या छोट्या वीजगृहाशी करावी. पश्चिमेला वळवलेल्या पाण्याबाबत शेती आणि वीज यांत खरी निवड करावी लागते. पायथ्याच्या वीजगृहात तेच पाणी आधी वीज देते आणि मग शेताला जाते.

या हिशेबावर एकाने लगेच शंका काढली, आणि ती रास्त होती: आम्ही फुगवट्यातून पंपाने उचलतो ते पाणी टर्बाइनला मिळत नाही, मग आम्ही विजेचे नुकसान करतो का? करतो, पण किती ते पाहा. पाच हॉर्सपॉवरची मोटर सात तासांत, वीस मीटर उचलून, साधारण पावणेतीन लाख लिटर पाणी देते. तेवढ्या पाण्यातून टर्बाइनवर पंचवीस-सव्वीस युनिट झाले असते. ती मोटरही त्या सात तासांत तीसेक युनिट खाते. म्हणजे एका पंपाच्या दिवसभराच्या पाण्याची किंमत विजेच्या भाषेत सुमारे पंचावन्न युनिट आहे, आणि त्यातून एका शेतकऱ्याचा ऊस किंवा भाजीपाला भिजतो. काठावरच्या माणसाला धरणाचा चोर समजण्याचे काही कारण नाही, हे मी तिथे स्पष्ट सांगितले आणि इथेही सांगतो.

दुसरी गोष्ट, वीज जाते कुठे. हिडकलची ३२ मेगावॅट वीज मोठी वाटते, आणि हिशेबाने ती पाच हॉर्सपॉवरचे सहा-सात हजार पंप एकाच वेळी चालवू शकते हेही खरे. पण ती राज्याच्या जाळ्यात जाते, जिथे एकट्या शरावतीची क्षमता १०३५ मेगावॅट आहे आणि काळी नदीवरच्या नागझरी वीजगृहातला एकच संच हिडकलच्या दोन्ही संचांच्या चौपटीहून मोठा आहे. तारेतून वाहणारी वीज जवळच्या भाराकडे आधी वळते, त्यामुळे संच चालू असताना आसपासच्या गावांतील दिवे बहुधा हिडकलच्याच विजेवर लागत असतील. खात्यावर मात्र ती सगळ्या राज्याच्या विजेत मिसळलेली असते आणि वाटप बेंगळुरूच्या भार प्रेषण केंद्रातून ठरते.

हुक्केरी तालुक्याची आणखी एक विशेष बाब आहे, जिचा गावकऱ्यांना अभिमान आहे आणि असायलाही हवा. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी देशात पाच ठिकाणी प्रायोगिक वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांतली एक हुक्केरीची. महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा ही तिचीच भावंड. मुळा-प्रवराचे वितरण २०११ साली संपले, हुक्केरीची संस्था मात्र टिकली. म्हणजे या तालुक्यात धरण आहे, वीजगृह आहे आणि वीज वाटणारी स्वतःची सहकारी संस्थाही आहे. तरीही संस्था धरणातून थेट वीज घेत नाही; ती इतर वितरकांसारखी घाऊक वीज विकत घेते आणि ग्राहकांना पुरवते. "आमच्या धरणाची लाईट आमच्या संस्थेला का नाही?" हा प्रश्न मी तिथे दोनदा ऐकला. त्याचे उत्तर असे की संस्थेने वीजगृहाशी थेट तार जोडली असती, तर संच बंद असलेल्या महिन्यांत सगळा तालुका अंधारात बसला असता. जाळ्याला जोडलेले असण्याची किंमत आपण देतो, पण उन्हाळ्याच्या शेवटी तेच जाळे आपल्याला रायचूरच्या कोळशाची आणि शरावतीच्या पाण्याची वीज आणून देते.

आता तिसरी गोष्ट, जी माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे आणि जिच्यावर मी पूर्ण दुपार घालवली. कर्नाटकात दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि थ्री फेज पुरवठ्याचे धोरण सात तासांचे आहे. ते सात तास फीडरनुसार, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीनुसार, पाळीने येतात, कधी दिवसा, कधी रात्री. पाळीचा संबंध धरणाशी नाही. उपकेंद्रातील रोहित्र आणि ११ केव्हीची वाहिनी सगळे पंप एकाच वेळी पेलू शकत नाही, म्हणून गट पाडावे लागतात. एवढे समजल्यावरही मोटरी का जळतात, हे कळत नव्हते. गावात एका उन्हाळ्यात एकाच काठावरच्या अनेक मोटरी रिवायंडिंगला गेल्या होत्या आणि पावसाळ्यात त्याच मोटरी व्यवस्थित चालत होत्या.

आम्ही काठावर गेलो. वरच्या बांधावर पंपाचे सिमेंटचे जोते होते, पण त्यावर पंप नव्हता. तिथून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळातून मी चालत गेलो, ती चारशेहून अधिक पावले भरली. खाली पाण्याच्या कडेला एका लाकडी पाटावर मोटर ठेवलेली होती, दगड लावून टेकवलेली, वर गोणपाटाचे छप्पर केलेले. सक्शन पाइपच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह, ज्याला गावात सगळे फुटबॉलच म्हणतात, तो गाळात रुतू नये म्हणून एका फाट्याला बांधून पाण्यात तरंगत ठेवला होता. असे का करावे लागते, याचे कारण हवेच्या दाबात आहे. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते, आणि या उंचीवर व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे ते चढत नाही. पाणी त्याहून खाली गेले की वरच्या जोत्यावरचा पंप कितीही मोठा असला तरी नुसता घरघरतो. म्हणून शेतकरी पाण्याच्या मागे मागे मोटर खाली नेतो. गावकऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे हिवाळ्यात पाणी रोज चार बोटे उतरते आणि उन्हाळ्याच्या शेवटी वीतभर. उतार सौम्य असल्याने वीतभर उतरलेले पाणी जमिनीवर कितीतरी पावले मागे जाते.

मोटर खाली गेली की तिच्या मागे केबल लांबते. बांधावरच्या स्टार्टरपासून मोटरीपर्यंत मी तो तुकड्यातुकड्यांनी जोडलेला केबल पाहिला. चार ठिकाणी सांधे होते, दोन ठिकाणी वेगवेगळ्या जाडीची तार होती, आणि एक सांधा हाताला गरम लागत होता. स्टार्टरपाशीच दाब कमी होता, कारण हे गाव फीडरच्या शेवटच्या टोकाला आहे आणि पाळी सुरू होताच सगळ्या मोटरी एकदम चालू होतात. टाँगटेस्टर या मापकाने पाहिले तर ४१५ व्होल्टच्या जागी ३५० च्या आसपास मिळत होते. पुढे तीनशे मीटर पातळ ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये आणखी वीस-पंचवीस व्होल्ट गळतात. मोटरीला जेवढे काम करायचे आहे तेवढे ती करणारच, म्हणून दाब कमी झाला की ती प्रवाह जास्त घेते. जास्त प्रवाहाने वाइंडिंग तापते. आणि रात्री दोन वाजता, माणूस ऑटो स्विच टाकून घरी झोपलेला असताना, फुटबॉल उघडा पडून पंपात हवा शिरली, तर पाण्याविना फिरणाऱ्या पंपाचे सील आणि मागोमाग मोटर दोन्ही जातात. ऑटो स्विच लाईट आल्यावर मोटर चालू करतो, पण पाणी आहे की नाही हे पाहत नाही.

अशा प्रकारे तात्यांच्या वाक्यातला सगळा राग एका केबलवर येऊन थांबला. वीजगृहाने मोटर जाळली नव्हती. पण धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडणार, हे काठावर कुणालाच ठाऊक नव्हते. कालव्याचे आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवस पाणी सोडण्याची पाळी, सुरू झाल्याची बातमी खालच्या लाभक्षेत्रात आधी पोहोचायची आणि वरच्या फुगवट्यावर पाणी मागे गेल्यावरच कळायची. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्याच पुढच्या पिढीला धरणाच्या वेळापत्रकात स्थान नव्हते. मला हे मनापासून अन्यायाचे वाटते. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचा पाण्यावरचा हक्क कागदावर आहे. काठावरचा शेतकरी आपल्या खर्चाने पाइप आणि केबल टाकून पाणी उचलतो आणि त्याला साधी सूचनाही मिळत नाही.

निवेदन नव्याने लिहिले गेले. वीजनिर्मिती बंद करण्याची मागणी काढून टाकली, आणि ती काढताना थोडा वाद झाला, कारण काहींना वाटत होते की मोठी मागणी केल्याशिवाय छोटी मिळत नाही. शेवटी तीन गोष्टी राहिल्या. पहिली, आवर्तनाच्या आधी पाणी सोडण्याचा दिवस आणि अंदाजे प्रमाण फुगवट्यावरच्या ग्रामपंचायतींना कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत कळवावे. दुसरी, मार्च ते जून या काळात काठावरच्या पंपांच्या फीडरला शक्यतो दिवसाची पाळी द्यावी, म्हणजे माणूस मोटरीजवळ उभा राहून पाणी पाहू शकेल. तिसरी, फीडरच्या टोकाला आणखी एक डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, बसवावा. मोटरीला योग्य क्षमतेचे कपॅसिटर लावण्याचे काम गावाने स्वतःकडे घेतले, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि टोकाच्या दाबात त्याने काही व्होल्टची तरी सुधारणा होते.

मी ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो तेव्हा पाणी बांधाला लागले होते, दोन्ही संच चालू होते आणि वीजगृहाखालचा प्रवाह पांढरा होऊन वाहत होता. दारांवरून सांडण्याआधी जेवढे पाणी टर्बाइनमधून जाईल तेवढे निव्वळ कमाईचे. दूध डेअरीच्या फळ्यावर, दुधाच्या दराखाली, कुणीतरी खडूने आदल्या दिवशीची धरणाची पातळी फुटांत लिहिलेली होती. ती रोज वर्तमानपत्रातून आणि ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून घेतली जाते, असे कळले. त्यामुळे मोटर केव्हा खाली न्यायची याचा अंदाज पुढच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवस आधी येईल, अशी त्यांची अपेक्षा आहे. चौघांनी मिळून पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांच्या तराफ्यावर पंप बसवण्याचे ठरवले आहे, म्हणजे पाणी उतरले तरी सक्शनची उंची तेवढीच राहते. केबलसाठी मात्र एकाच जाडीची अखंड तार घ्यायची, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतले. दिवसाच्या पाळीवर अजून निर्णय झालेला नाही. डीपीची जागा पाहून गेले आहेत.